'आधारित' की 'बेतलेला': पुस्तकांवरच्या चित्रपटांची पार्श्वभूमी

दादरला पुस्तकावरचा मराठी चित्रपट सुटला की जिना उतरणाऱ्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'पुस्तकाची सर नाही, पण मजा आली.' त्यातला 'पण' मला महत्त्वाचा वाटतो. उणीव कबूल करून आनंद पदरात पाडून घेण्याची ही सवय एका दिवसात लागलेली नाही.

मूकपटांच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. पडद्यावर बहुतेक पुराणकथा होत्या, त्या कीर्तनातून प्रत्येकाने वेगळ्या ऐकलेल्या, त्यामुळे 'मूळ' कुठलं याचा वाद घालायला जागा नव्हती. कादंबऱ्या मूकपटांतही अधूनमधून आल्या होत्या; बोलपटांतही त्या येत राहिल्या. 1937 च्या 'कुंकू'ने 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी घेतली, तिचं नाव बदललं आणि पार्श्वसंगीत गाळून घरातल्या-रस्त्यातल्या आवाजांवर प्रसंग उभे केले. कागदावर जे करताच येत नाही ते चित्रपटाने केलं होतं.

खरी कुरबुर सत्तरच्या दशकातली. 1968 मध्ये मुंबईत मराठी मंडळींनी चालवलेली एक फिल्म सोसायटी सुरू झाली. परदेशी चित्रपट पाहून झाल्यावर त्यांवर बोलायचं असतं, हे तिथे शिकता आलं. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन आलं. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्या दोन खोल्यांत सगळा मजला जमायचा. चित्रपट मध्येच थांबून बातम्या लागल्या की ज्याने पुस्तक वाचलेलं असे तो पुढचं सांगायला लागे आणि बाकीचे त्याला गप्प करत. एका बाजूला जाणकारांची चर्चा, दुसऱ्या बाजूला ही घरगुती टीका; 'पण' या दोन्हींतून घडला.

1979 चा 'सिंहासन' ही या दोन्ही सवयींची परीक्षा होती. एकाच लेखकाच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांची मिळून एक पटकथा झाली. पहिलीत हे शहरच मुख्य पात्र आहे. चित्रपटात ते आक्रसलं, राजकारण तेवढं पुढे राहिलं. स्त्री-पात्रांना जेमतेम जागा मिळाली. हे दोष तेव्हाही दिसत होते, आजही दिसतात. पण शेवटी भर रस्त्यात वेड्यासारखा हसणारा पत्रकार एकदा पाहिला की पुढे कादंबरी उघडली तरी दिगू टिपणीस त्याच नटाच्या चेहऱ्याने समोर येतो. त्यावेळी मराठीत याहून धीट राजकीय चित्रपट नव्हता, असं माझं मत आहे.

वाद घालताना आपण जो शब्द वापरतो, त्यातच खरी गुंतागुंत आहे. श्रेयनामावलीत बहुतेक वेळा 'या कादंबरीवर आधारित' असं असतं. समीक्षक 'माध्यमांतर' म्हणतात, जुनी मंडळी 'रूपांतर'. मराठी माणसाला 'रूपांतर' कळलं ते रंगभूमीवरून. 1890 मध्ये शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' झाला तेव्हा नावं आणि पेहराव बदलले, गोष्टीचा सांगाडा तोच राहिला. पिढ्यानपिढ्या नाटकासाठी वापरलेली ही फूटपट्टी आपण चित्रपटालाही लावली आणि सांगाडा जरा हलला की फसवणूक झाल्यासारखं वाटू लागलं. कायदा मात्र या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 14 मध्ये साहित्यकृतीवरून चित्रपट करण्याचा हक्क आणि तिचं रूपांतर करण्याचा हक्क यांची नोंद स्वतंत्र आहे.

याच कायद्याचं कलम 57 लेखकाच्या बाजूचं. 1986 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका हिंदी कादंबरीचं प्रकरण आलं. लेखिकेने चित्रपटाचे हक्क दिले होते, पण पात्रांचं चित्रण आणि शेवट विकृत केल्याची तिची तक्रार होती. हक्क दिल्यावरही लेखकाचा विशेष हक्क शिल्लक राहतो, माध्यमाला लागणारे बदल करता येतात, मात्र कृती ओळखू येणार नाही इतके नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे दोन्ही बाजूंत तडजोड झाली. 'माध्यमाला लागणारे' बदल कुठे संपतात, हे त्यामुळे आजही प्रकरणागणिकच ठरतं. माझा कल लेखकाकडे आहे: शेवट बदलायचा असेल तर आधी त्याला विचारावं.

मराठीत आणखी एक शब्द आहे, 'बेतलेला', आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. बेतणं हे शिंप्याचं काम. कापड अंगावर बसवायचं तर कात्री चालणार आणि चिंध्या पडणार, हे त्या शब्दातच गृहीत आहे. 'आधारित' म्हटलं की प्रेक्षक आधार तपासायला बसतो; 'बेतलेला' म्हटलं की अंगाला बसलंय का ते पाहतो.

2012 च्या जानेवारीत 'शाळा' लागला तेव्हा हा फरक नेमका जाणवला. आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलाचं मनातलं बोलणं हा त्याच नावाच्या कादंबरीचा प्राण. ते पावणेदोन तासांत येणं शक्य नव्हतं. चित्रपटाने त्याऐवजी वर्ग, बाकं आणि मुलांच्या चोरट्या नजरा दाखवल्या. पुढच्याच वर्षी 'दुनियादारी' आला. कादंबरी पाठ असलेले वाचक बदलांवरून चिडले आणि थिएटरं मात्र भरत राहिली. चिडलेल्यांतलेही पुष्कळजण दुसऱ्यांदा गेले, मित्रांना घेऊन. जुन्या वाचकाला चुका मोजायला मित्र लागतो आणि त्याच मित्राबरोबर गाणी म्हणायची असतात.

गेल्या काही वर्षांत तक्रार उलटी झाली आहे. मुंबईवरच्या सुमारे नऊशे पानांच्या एका इंग्रजी कादंबरीची 2018 मध्ये वेबमालिका झाली. पहिल्या पर्वाचे आठ भाग होते, म्हणजे कुठल्याही चित्रपटाला मिळाला नसता इतका वेळ. तरीही पुस्तक वाचलेले लोक नाराज झालेच. 'काय गाळलं' याऐवजी ते 'हे कुठून आणलं' असं विचारत होते. सगळे भाग पाहून झाल्यावर, अर्थात.