सिंथ, कोरस आणि भुसावळचा उन्हाळा

2015 च्या जुलैपासून जगभरातली बहुतेक नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध होतात. लंडनमधल्या श्रोत्याला आणि चोपड्याच्या कॉलेजातल्या पोराला ती एकाच दिवशी मोबाइलवर मिळतात. या नव्या गाण्यांत सिंथपॉप (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथ, त्यावर उभं पॉप) आणि सायकेडेलिक पॉप (आवाज मुद्दाम स्वप्नातल्यासारखा विरघळवणारं पॉप) या दोन प्रकारांमधला बांध अलीकडे जवळजवळ मोडला आहे. 2024 च्या फेब्रुवारीत एमजीएमटी या बँडचा ‘लॉस ऑफ लाइफ’ हा अल्बम आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅग्डालीना बे या जोडीचा ‘इमॅजिनल डिस्क’, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या केव्हिन पार्करच्या टेम इम्पालाचा ‘डेडबीट’. तिघांचे स्वभाव अगदी वेगळे. पण हेडफोन लावून नीट ऐकलं, तर लांबवलेला सूर फार क्वचित एका जागी स्थिर उभा राहतो. तो किंचित डुलतो, पसरतो, डाव्या कानातून उजव्या कानात सरकतो.

हा डुलणारा सूर खानदेशाला परका नाही. लग्नसराईत वरातीच्या गाडीवर कीबोर्डवाला डाव्या हाताने चाक हलवत शहनाईचा आवाज वाकवतो, गायकाच्या माइकला भरपूर एको लावलेला असतो, आणि यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांची सुरुवातही बहुतेक वेळा अशाच कीबोर्डच्या तुकड्याने होते. हे कुणी सायकेडेलिक म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही. पण त्यामागचं भौतिकशास्त्र आणि महागड्या स्टुडिओतलं भौतिकशास्त्र एकच आहे: तंतोतंत न जुळणारे दोन आवाज एकत्र ऐकले की कानाला ते एका निर्दोष आवाजापेक्षा जिवंत वाटतात.

आधी साधा हिशोब. सिंथमधल्या एका ऑसिलेटरमधून, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागातून, 220 हर्ट्झचा स्वर काढला, म्हणजे सेकंदाला 220 कंपनं. दुसरा ऑसिलेटर जरासा चढवून 220.9 हर्ट्झवर ठेवला. हा फरक अर्धस्वराच्या शंभरात सात भागांएवढा, म्हणजे सात सेंट. दोन वेगळे स्वर म्हणून ते कुणालाच ओळखू येणार नाहीत. पण दोन्ही एकदम वाजले की कधी त्यांच्या लहरींचे माथे एकावर एक येतात आणि आवाज वाढतो, कधी एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि आवाज दबतो. हे सेकंदाला 0.9 वेळा घडतं, कारण दोन कंप्रतांमधला फरकच तेवढा आहे. यालाच विस्पंदं म्हणतात, आणि तंबोरा जुळवणारा माणूस याच विस्पंदांकडे कान लावून खुंटी पिळत असतो.

खरी गंमत पुढे आहे. सिंथमध्ये बहुधा करवतीच्या दातांसारखी लहर वापरतात. तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी स्वरांशं असतात. मूळ स्वर सेकंदाला 0.9 वेळा डुलतो, त्याचं दुसरं स्वरांश 1.8 वेळा आणि दहावं सुमारे 9 वेळा. म्हणजे खालचा भाग संथ हेलकावतो आणि त्याच वेळी वरचा भाग थरथरतो. एकच कळ दाबली आहे, आवाजाची पातळी कुणी हलवत नाही, तरी आत इतकी हालचाल चाललेली. सिंथपॉपमधला तो रुंद, चमचमणारा आवाज इतक्या साध्या बेरजेतून येतो. 1970 साली आलेल्या मिनीमूग या सिंथला तीन ऑसिलेटर होते, आणि त्याच्या भरदार आवाजाचं बरंच श्रेय हे तिघे एकमेकांशी कधीच पुरते जुळत नसत याला जातं.

ते का जुळत नसत? इथे भुसावळचा उन्हाळा कामाला येतो.

रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये आपला सिंथ लोकांपुढे मांडला, तेव्हा त्यातला प्रत्येक स्वर व्होल्टेजवर चालत होता. व्होल्टेज एकने वाढवलं की कंप्रता दुप्पट, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वर. बेरजेचा गुणाकार करून देणारा भाग म्हणून ट्रान्झिस्टर वापरला. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज साधारण 18 मिलिव्होल्टने वाढवलं की त्यातला प्रवाह दुप्पट होतो. मात्र हा 18 चा आकडा खोलीच्या तापमानाचा आहे. तो निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. 27 अंश सेल्सिअसला सूर लावला आणि दुपारी यंत्राभोवती 45 अंश झाले, तर दुप्पट प्रवाहासाठी 19 मिलिव्होल्ट लागतात. पूर्वीच्याच 18 मिलिव्होल्टवर सप्तक पुरं भरत नाही, ते अर्धस्वराच्या सुमारे दोन-तृतीयांशाने तोकडं पडतं. तार सा लावावा आणि तो निषादाकडे घसरलेला निघावा, असा हा प्रकार.

म्हणून त्या काळचे अभियंते दोन जुळे ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून बसवत, म्हणजे दोघेही सारखेच तापतात आणि बरीचशी चूक परस्पर वजा होते. उरलेल्या चुकीसाठी तापमानाबरोबर ज्याचा रोध वाढतो असा खास रेझिस्टर घालत. एवढं करूनही यंत्र सुरू केल्यावर ते तापून स्थिरावेपर्यंत सूर सरकत राहायचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे उघड्या मैदानात असं जुनं मूग वाजवायला ठेवलं तर वादकाचा अर्धा वेळ सूर लावण्यातच जाईल, याबद्दल मला तरी शंका नाही.

आणि उष्णतेने फक्त सिंथच बिघडतं असं नाही. हवेतल्या ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. जानेवारीच्या पहाटे जळगावात पारा 10 अंशांवर असतो, तेव्हा तो सेकंदाला सुमारे 337 मीटर, आणि मेमध्ये 45 अंशांना सुमारे 358 मीटर. ही वाढ सहा टक्क्यांची, म्हणजे जवळजवळ नेमका एक अर्धस्वर. नळीत फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर याच प्रमाणात चढायला हवा. प्रत्यक्षात तो इतका चढत नाही, कारण वादकाचा श्वास थंडीतही नळीतली हवा कोमट ठेवतो. तरी उन्हात ट्रम्पेट चढतो हे बँडवाल्यांना माहीत असतं आणि ते त्याची सूर लावायची नळी थोडी बाहेर ओढतात. शेजारचा आजचा कीबोर्ड मात्र क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतो. त्याचा सूर 45 अंशांतही एका सेंटच्या दहाव्या भागाइतकासुद्धा हलत नाही. एकाच वरातीत एक वाद्य हवामान वाजवतं आणि दुसरं घड्याळ.

डिजिटल ठोक्यावर सूर बांधायची कल्पना सिंथमध्ये आली तेव्हा सरकणाऱ्या सुराचा प्रश्न सुटला, पण आवाज सपक झाला. 1982 सालच्या रोलंड कंपनीच्या जुनो-60 सिंथमध्ये प्रत्येक स्वराला एकच ऑसिलेटर होता आणि तो डिजिटल ठोक्यावर चालायचा. बेसूर व्हायला दुसरं कुणी नाहीच, मग विस्पंदं कुठून येणार? रोलंडच्या अभियंत्यांनी यावर कोरसचं बटण दिलं. आवाजाची एक प्रत काढायची, ती काही मिलिसेकंद उशिरा सोडायची आणि हा उशीर सतत थोडा कमी-जास्त करत राहायचा. उशीर कमी होत असताना ती प्रत किंचित चढी ऐकू येते आणि वाढत असताना किंचित उतरी. दोन सेकंदांत साधारण एक हेलकावा. चुकणारा जोडीदार नव्हता, तो असा कृत्रिमरीत्या उभा केला.

आवाज उशिरा सोडायचं काम करणारी चिप फार देखणी आहे. फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी 1969 मध्ये तिची रचना मांडली. विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या धारित्रांची एक लांब रांग असते. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक धारित्र आपल्यातला विद्युतभार पुढच्याला देतं. गावात आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहतात आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवतात, अगदी तसंच. विहिरीवर बादली भरली आणि ती घरापाशी पोहोचली, यात गेलेला वेळ म्हणजे आवाजाचा उशीर. ठोके भरभर दिले की उशीर घटतो, सावकाश दिले की वाढतो. जुनोच्या काळच्या अशा एका प्रचलित चिपमध्ये 256 टप्पे होते. हातोहात देताना थोडं पाणी सांडतं, तसा इथेही आवाज थोडा मळतो, वरची स्वरांशं कापली जातात आणि बारीक खरखर मिसळते. आज संगणकात हाच परिणाम बिनचूक करता येतो. तरी नव्या गाण्यांचे निर्माते मुद्दाम हा मळ परत घालतात, आणि मला वाटतं ते बरोबरच करतात. खटकतं ते एवढंच की काही जण चाल कच्ची असली की त्यावर कोरस आणि रिव्हर्बची, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याची, गोधडी पांघरतात.

सायकेडेलिक संगीताची वाट याहून जुनी. 1966 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड या अभियंत्याने दुसऱ्या टेप रेकॉर्डरच्या मदतीने गायकाच्या आवाजाची किंचित उशिरा येणारी प्रत तयार करायची युक्ती काढली. बीटल्सच्या जॉन लेननला तेच गाणं पुन्हा गाऊन आवाज दुहेरी करण्याचा कंटाळा होता, त्यातून ही सोय निघाली. दुसऱ्या टेपचा वेग थोडा हलवत राहिलं की आवाजातून एक पोकळ झोत वर-खाली फिरल्यासारखा वाटतो. कारण असं: मूळ आवाज आणि एक मिलिसेकंद उशिराची प्रत मिसळली, तर 500 हर्ट्झची लहर तेवढ्या वेळात अर्धाच फेरा पुरा करते, आणि मूळ लहर व प्रत एकमेकींना पुसून टाकतात. तसंच 1500, 2500, 3500 हर्ट्झचं होतं. स्वरपटात ठरावीक अंतरावर खाचा पडतात, आणि उशीर बदलला की सगळ्या खाचा एकदम सरकतात. कानाला एखाद-दुसरी खाच कळणार नाही, पण पूर्ण रांग सरकली की ती झटकन लक्षात येते.

त्याच काळात तंबोराही या संगीतात शिरला. लोकांनी त्याला पौर्वात्य गूढता वगैरे म्हटलं. मला त्यापेक्षा चंद्रशेखर वेंकट रामन यांचं म्हणणं जास्त रोचक वाटतं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू (न हलणारी जागा) असतो ते स्वरांश ऐकू येऊ नये, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोरा तो पाळत नाही, हे रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं. त्याची घोडी सपाट, किंचित वाकलेली असते आणि जवारीसाठी, म्हणजे तारेच्या झंकारासाठी, तिच्यावर दोरा सारलेला असतो. कंप पावताना तार घोडीवर पुन्हा पुन्हा टेकते आणि नियमाने गैरहजर असायला हवीत अशी स्वरांशं जन्माला येतात. शिवाय ती एकदम येत नाहीत, एकामागून एक फुलत जातात. सिंथवाला स्वरांशं गाळणाऱ्या फिल्टरचं बटण हळूहळू फिरवून जो परिणाम मिळवतो, तो इथे एक दोरा करून देतो.

या दोन वाटा आपल्याकडे एकत्र आल्या त्या मुंबईत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलंडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले: ज्युपिटर-8 सिंथ, टीबी-303 बेस आणि टीआर-808 हे तालयंत्र. तेव्हा ती तबकडी फारशी कुणी विचारली नाही. 2010 मध्ये ती परत निघाली आणि परदेशी समीक्षक चकित झाले, कारण अमेरिकेतल्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताशी तिचं साम्य होतं आणि ती त्याच्या आधीची होती. त्यांच्या वादनात एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जाणं सतत आहे.

ही घसरण म्हणजे मींड, आणि कीबोर्डच्या कळांवर ती मुळात नसते. 1983 मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून मिडी नावाची पद्धत ठरली. तिच्यात बहुतेक गोष्टी 128 पायऱ्यांत मोजतात, पण सूर वाकवणाऱ्या चाकासाठी 16,384 पायऱ्या राखून ठेवल्या. कारण उघड आहे, 128 पायऱ्यांत मोठी मींड घेतली तर कानाला जिना ऐकू येईल. अहिराणी गाण्यातला शहनाईचा तुकडा असो की सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी लग्नात टिमलीच्या चालीवर वाजणारा लांबलचक कीबोर्ड, त्यातला जीव या चाकावरच्या अंगठ्यात असतो. कळा कुणीही दाबेल.

सरकणाऱ्या खाचा ऐकायला ना टेप लागते ना सिंथ. घरातला डेझर्ट कूलर पुऱ्या वेगाने लावा आणि समोरच्या भिंतीपाशी जाऊन कूलरकडे पाठ करा. कूलरच्या घरघरीत जवळजवळ सगळ्या कंप्रता असतात, त्यामुळे खाच कुठेही पडली तरी ऐकू येते. कान भिंतीपासून 17-18 सेंटिमीटरवर असेल तेव्हा भिंतीवरून परतणारा आवाज सुमारे 35 सेंटिमीटर जास्त प्रवास करतो, म्हणजे एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. आता डोकं सावकाश भिंतीकडे न्या. खाचा वर सरकतात आणि घरघर बारीक, पोकळ होत जाते. मागे घ्या, ती खाली उतरते. भिंत उघडी, गुळगुळीत हवी. पडदा किंवा कपडे टांगलेले असतील तर परतणारा आवाज मऊ पडतो आणि परिणाम जवळजवळ नाहीसा होतो.