केमोतली वनस्पती आणि केमोसोबतची वनस्पती

औषधांच्या खिडकीवर बसलं की हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी समोर येतोच. आईची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची केमो सुरू असते. मुलगा चिठ्ठी पुढे सरकवतो, मागे कोणी ऐकत नाही ना ते बघतो आणि पिशवीतून एक डबी काढतो. "ताई, हे हळदीतलं कर्क्युमिन. मिरीचा अर्क घातलेलं आहे. केमोचं औषधही झाडापासूनच करतात ना? मग सोबत हे दिलं तर बिघडलं कुठे?"

प्रश्न खुळा नाही. त्यातलं पहिलं वाक्य तर खरंच आहे. त्याच्या चिठ्ठीवरचं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध झाडाच्या सालीतून आलं. घोटाळा आहे तो पुढच्या 'मग'मध्ये.

आधी सालीची गोष्ट. १९६२ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक यू नावाच्या सदाहरित झाडाची साल गोळा झाली. ती तपासायला गेली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या प्रयोगशाळेत. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले. सालीतल्या रेणूची रचना या जोडीने १९७१ मध्ये जाहीर केली. पण औषध म्हणून त्याला मान्यता मिळायला १९९२ उजाडलं, आणि तीही आधी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. साल गोळा केल्यापासून तीस वर्षं झाली होती. किलोभर औषधासाठी साधारण दहा हजार किलो साल लागायची, म्हणून पुढे यूच्याच दुसऱ्या जातीच्या पानांमधून कच्चा रेणू काढून बाकीचं काम रसायनशाळेत करायची युक्ती निघाली.

याच दोघांच्या नावावर दुसरा शोध आहे, आणि तो आपल्याला जास्त जवळचा. १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. तोच रेणू सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडतो. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या माणसाला नरक्या सांगावा लागत नाही. घाण वास मारणारं लाकूड, आणि वनखात्याने त्याची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या. हे लाकूड तोडलं जातं ते त्यातल्या कॅम्पटोथेसिनसाठीच.

मग नरक्याचा काढा म्हणजे केमो का? नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं. झाडातून काढलेलं कॅम्पटोथेसिन सत्तरच्या दशकात रुग्णांना देऊन पाहिलं होतं. मूत्राशयातून रक्त जायला लागलं, इतर त्रासही झाले आणि त्या चाचण्या गुंडाळाव्या लागल्या. मग रसायनतज्ज्ञांनी रेणूची मोडतोड करून तो पाण्यात विरघळेल आणि शरीराला झेपेल असा केला. त्यातून टोपोटेकन झालं. सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमपासून केलेल्या केमोच्या औषधासोबत टोपोटेकन द्यायला अमेरिकेत २००६ मध्ये गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत नुसत्या सिस्प्लॅटिनवर निम्म्या रुग्ण साडेसहा महिन्यांहून जास्त जगल्या, दोन्ही औषधांवर निम्म्या ९.४ महिन्यांहून जास्त. आकडा लहान आहे, पण तो माणसांवर मोजलेला आहे.

पॅक्लिटॅक्सेलचंही तसंच. २००४ मध्ये आलेल्या चाचणीत सिस्प्लॅटिनला त्याची जोड दिल्यावर गाठ आटण्याचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं, मात्र एकूण आयुष्यात ठळक फरक पडला नाही. हेही तसंच छापून आलं. अलीकडची इंटरलेस चाचणी जास्त आशा देणारी आहे. भारतासह पाच देशांतल्या ५०० स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या किरणोपचार-केमोच्या आधी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन (सिस्प्लॅटिनचं भावंड) आणि पॅक्लिटॅक्सेल दिलं. पाच वर्षांनी त्यांच्यातल्या ८० टक्के हयात होत्या, फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांतल्या ७२ टक्के. म्हणजे 'वनस्पतीतला घटक आणि केमो एकत्र दिलं तर फायदा होतो का' याचं एक उत्तर 'होतो' असं आलेलं आहे. फक्त त्या घटकालाच आपण केमो म्हणतो, त्यामुळे ते उत्तर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता डबीकडे येऊ.

कर्क्युमिनवरचं पुष्कळसं काम हीला पेशींवर झालंय. या पेशीही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्याच, १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून तिला न विचारता घेतलेल्या आणि आजही जगभर वाढत असलेल्या. तिरुअनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २००५ मध्ये याच पेशींवर दाखवलं की कर्क्युमिन सोबत असलं तर पॅक्लिटॅक्सेल जास्त पेशी मारतं. औषधापासून वाचण्यासाठी पेशी जे मार्ग वापरते, त्यातले काही कर्क्युमिन बंद करतं. काम चोख आहे, मला त्याबद्दल आदरच आहे. पण बशीतल्या पेशीला पोट नसतं, यकृतही नसतं. आपण थेंब टाकला की तो तिच्यापर्यंत पोचतोच.

माणसात तो पोचत नाही. हिशेब करून बघा. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. दुधात अर्धा चहाचा चमचा हळद टाकली तर ती दीडेक ग्रॅम, म्हणजे कर्क्युमिन जेमतेम ४५ मिलिग्रॅम. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये निरोगी माणसांना तब्बल दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तरी ते रक्तात जवळपास सापडलंच नाही. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिल्यावर शोषण वीसपट वाढलं. डबीवरची मिरी आली ती इथून.

आणि माझी काळजीही इथूनच सुरू होते. पायपरीन कर्क्युमिनसाठी रस्ता मोकळा करतं, कारण ते यकृतात औषधं मोडणारी यंत्रणा मंदावतं. त्या यंत्रणेतला एक विकर (एन्झाइम) पॅक्लिटॅक्सेल मोडायचंही काम करतो. पॅक्लिटॅक्सेलचा डोस आम्ही रुग्णाची उंची-वजन बघून मिलिग्रॅममध्ये काढतो. पाण्यात न विरघळणारं हे औषध, हळदीसारखंच. त्यासाठी त्याला एरंडेलापासून केलेला द्रावक लागतो, त्या द्रावकाची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड, शिवाय सलाइनची नेहमीची नळी चालत नाही. एवढी काटेकोर बेरीज केल्यावर घरून आलेली एक कॅप्सूल ते औषध रक्तात किती वेळ राहील हे बदलू शकते, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताही नसतो.

झाडं नेहमी मदतीलाच येतात असंही नाही. २००२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या कामात कर्क्युमिनने केमोचा परिणाम उलट कमी केला. ज्यांच्यावर हे पाहिलं त्या औषधांत कॅम्पटोथेसिन होतं, आपल्या नरक्यातलंच. त्याच वर्षी माणसांवर मोजलेली आणखी एक गोष्ट समोर आली. मन प्रसन्न ठेवायला युरोपात घेतात त्या सेंट जॉन्स वॉर्ट या वनस्पतीने इरिनोटेकनच्या प्रभावी रूपाची रक्तातली मात्रा ४२ टक्क्यांनी घटवली. इरिनोटेकन हे टोपोटेकनचं भावंड. रुग्णाला सलाइन लागतं, उलट्या होतात, केस जातात, आणि औषध मात्र निम्म्याच्या जवळपास.

२०१७ मध्ये काही औषध-रसायनतज्ज्ञांनी कर्क्युमिनवरचं सगळं साहित्य चाळलं. निरनिराळ्या आजारांसाठी माणसांवर १२०हून जास्त चाचण्या झालेल्या, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरं औषध कोणतं हे ठाऊक नसलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नव्हती. त्यांनी मजेशीर कारणही दिलं आहे: कर्क्युमिन स्वतःच चमकतं, कशालाही चिकटतं, त्यामुळे प्रयोगातली मोजमापंच फसतात. हळदीचा डाग पांढऱ्या साडीवरून जात नाही हे आपल्याला आजीने सांगितलं होतं, प्रयोगशाळेला ते कळायला वेळ लागला.

सदाफुलीची पानं चावून खाणारेही भेटतात. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध सदाफुलीतूनच येतं हे खरं, पण ते शिरेतून, अगदी मोजून देतात. पानात त्याच्यासोबत आणखी डझनावारी अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारे रेणू, असतात आणि पानावर मिलिग्रॅम छापलेले नसतात.

त्या मुलाला मी डबी फेकून दे म्हटलं नाही. मागच्या बाजूचा फोटो काढ, घटकांची यादी वाचता येईल असा, आणि आजच डॉक्टरांना दाखव, म्हटलं. आईला मिळणारं सिस्प्लॅटिन आधीच किडनीला जड असतं, त्यात काय काय जातंय हे त्यांना कळायलाच हवं. त्याने फोटो काढला. जाता जाता पुन्हा वळला.

"आणि वरणातली हळद?"

"ती असू दे. वरणाला चवही लागते की."