तालुक्याचं गाव : जनपद सभेपासून नगरपंचायतीपर्यंत

राळेगाव, बाभूळगाव, मारेगाव, तिवसा, समुद्रपूर. कापूस-सोयाबीनवर जगणारी विदर्भातली ही गावं तालुक्याची असूनही अलीकडेपर्यंत तिथे ग्रामपंचायतीच होत्या. २०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं ठरवलं आणि सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आला, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. हा बदल समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. त्यांना हवा होता कापूस. म्हणून आधी शिस्त लागली ती बाजाराला : १८८६ मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित, म्हणजे सरकारी नियमांनी चालणारा, बाजार उभा राहिला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा वेगळा कायदा झाला. वऱ्हाड पुढे ज्याला जोडला गेला, त्या मध्य प्रांताचा ग्रामपंचायत कायदा आला तो १९२० साली. माल पिकवणाऱ्याच्या गावाआधी मालाची व्यवस्था झाली, आणि त्या बाजार समित्यांतही वजन व्यापाऱ्यांचंच होतं.

स्वातंत्र्यानंतरचा एक टप्पा मात्र आज जवळपास विसरला गेला आहे, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. मध्य प्रांत-वऱ्हाडात तिथले मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये स्थानिक शासन कायदा झाला. जिल्हा कौन्सिलं गेली आणि प्रत्येक तहसिलीला जनपद सभा, म्हणजे तहसिलीचा कारभार पाहणारी स्थानिक संस्था, आली. शाळेचा, दवाखान्याचा प्रश्न तहसिलीच्याच गावी सुटू लागला. बैलगाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, इतक्या अंतरावर सत्ता आली होती. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी जनपद सभा चालूच होत्या.

त्या संपल्या १ मे १९६२ रोजी. पंचायत राज्याची रचना सुचवणाऱ्या, पुसदचे वसंतराव नाईक यांच्या समितीने जिल्हा परिषद हा मुख्य स्तर ठरवला आणि पंचायत समिती तिच्या हाताखाली आली. सगळ्या राज्याला एकच व्यवस्था हवी होती, हे खरं. पण विदर्भातल्या तहसिलीच्या गावांचं त्यात वजन घटलं. निधीसाठी यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे पाहावं लागलं.

नगरपंचायतीने नळ, नाल्या, दिवाबत्तीसाठी शहरी निधीची वाट उघडली. त्याचवेळी ग्रामसभा गेली. गावातला कोणताही मतदार उभा राहून हिशेब मागू शकेल अशी ती एकमेव जागा होती, आणि सतरा नगरसेवकांचं सभागृह ती भरून काढत नाही. शिवाय पंचायत समितीची इमारत याच गावात असली, तरी इथल्या मतदाराला आता तिचा सदस्य निवडता येत नाही. घर नगरपंचायतीत आणि शेत शेजारच्या गावाच्या शिवारात, असे शेतकरी इथे पुष्कळ आहेत. त्यांच्या पांदण रस्त्याचा निर्णय ज्या ग्रामपंचायतीत होतो, तिथे त्यांना मत नाही.