श्वेतप्रदर

श्वेतप्रदर : (अंगावरून पांढरे जाणे, पांढरी धुपणी). योनिमार्गातून होणारा, त्या स्त्रीच्या नेहमीच्या स्रावाहून वेगळा स्राव. व्याख्येतला ‘नेहमीच्या’ हा शब्द गाळला, तर निरोगी स्त्रियाही रुग्ण ठरतात. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत थोडाफार स्राव रोज होतोच. पाळीचक्राच्या मध्यावर तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा तार सुटणारा असतो, पुढे घट्ट व पांढुरका होतो आणि कपड्यावर वाळला की पिवळट दिसतो. गरोदरपणी तो वाढतो. नवजात मुलीलाही आईच्या संप्रेरकांमुळे पहिल्या काही दिवसांत पांढरे जाते.

संज्ञा : ‘प्रदर’ आणि ‘असृग्दर’ हे शब्द प्राचीन वैद्यकात मुख्यतः अतिरिक्त रक्तस्रावासाठी येतात. चरक, सुश्रुत व वाग्भट यांत श्वेतप्रदर असा स्वतंत्र व्याधी आढळत नाही. चरकाच्या चिकित्सास्थानात (अध्याय ३०) ‘पांडुर’ (फिकट, पांढुरक्या) असृग्दरावर औषध सांगितले आहे आणि अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त त्याचा अर्थ श्वेतप्रदर असा लावतो. त्याच अध्यायात गर्भिणीच्या ‘उपप्लुता’ विकारात पांढऱ्या स्रावाचे वर्णन आहे. म्हणजे लक्षण जुने, नाव मागाहूनचे, असे मानणे अधिक सयुक्तिक. शार्ङ्गधर, भावप्रकाश व योगरत्नाकर या ग्रंथांत नाव स्थिरावलेले दिसते. यांपैकी योगरत्नाकर पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथमालेत छापला गेला. त्याच्या कर्त्याचे नाव ग्रंथात नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याचा काळ साधारणपणे सतराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्याच्या पहिल्या चतुर्थापर्यंत धरला आहे. तो ग्राह्य मानण्यास हरकत दिसत नाही.

‘धुपणी’ हा मराठी शब्द मात्र संस्कृत ग्रंथांतून आलेला वाटत नाही. योनिधूपन (योनीला औषधी धुरी देणे) या उपचाराशी त्याचा संबंध जोडता येईल. पण रोगाला उपचाराचे नाव पडणे विरळाच. जमिनीची धूप होते तो ‘धुपणे’ हा धातू अधिक जवळचा असावा. पांढरी धुपणी आणि तांबडी धुपणी या जोडीत अंग झिजत चालल्याची कल्पना आहे. आजही तक्रार तशीच येते. बाई आधी कंबर धरल्याचे सांगते, मग पायांत गोळे येतात म्हणते, आणि चिठ्ठी हातात घेऊन दारापर्यंत गेल्यावर मागे वळून ‘पांढरंही जातंय’ असे हळूच म्हणते. पांढरे गेल्याने शरीरातला कस जातो, हाडे झिजतात, या समजुतीला आधुनिक वैद्यकात आधार नाही.

तक्रार आणि रोग : या दोहोंचा मेळ बसतोच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत राणी व अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली (प्रसिद्धी १९८९). स्त्रीरोगाची कोणती ना कोणती तक्रार ५५ टक्के स्त्रियांची होती. एक तरी स्त्रीरोग वा लैंगिक आजार ९२ टक्के स्त्रियांत सापडला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. उलट गोव्यातील एका पाहणीत पांढरे जाण्याच्या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण व घरच्या परिस्थितीशी अधिक घट्ट दिसले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

पुण्यात भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या संशोधकांनी केलेल्या, शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांच्या अभ्यासात, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. त्यांतील बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशीच आला होता. स्रावाच्या तक्रारीत नवऱ्याची चौकशी का करावी लागते, ते यावरून कळते.

कारणे व निदान : निरोगी योनीतील लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात व सामू (पीएच, आम्लतेचे माप) सुमारे ३.८ ते ४.५ राखतात. हा तोल ढळून इतर जिवाणू माजले की राखाडी, पातळ, मासळीसारख्या वासाचा स्राव होतो. याच्या निदानासाठी १९८३ पासून आम्सेलचे चार निकष वापरात आहेत. स्रावाचे पातळ, एकसारखे रूप. ४.५ हून अधिक सामू. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा भपकारा. आणि काचपट्टीवर जिवाणूंनी लडबडलेल्या पेशी. यांपैकी तीन जुळावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींच्या कडा रव्यात घोळल्यासारख्या खरखरीत दिसतात. एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

कँडिडा या बुरशीने दह्याच्या कवड्यांसारखा स्राव व असह्य खाज येते, वास फारसा नसतो. मधुमेहात व प्रतिजैविकांनंतर ही वारंवार होते. ट्रायकोमोनास या आदिजीवामुळे (आल्फ्रेड दोने यांनी १८३६ मध्ये वर्णिलेला) हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव होतो. जोडीदाराला औषध दिले नाही तर तो परततो. परमा व क्लॅमिडिया हे लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग गर्भाशयमुखात असतात आणि कित्येकदा लक्षणेच देत नाहीत.

उपचार : गुप्तरोगांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून रंगीत पाकिटांतील औषधे मोफत मिळतात. योनिस्रावासाठी हिरवे पाकीट (सेक्निडाझोल २ ग्रॅम व फ्लुकोनाझोल १५० मिग्रॅ.), ओटीपोटात दुखत असल्यास पिवळे. सोय मोठी, पण वर सांगितलेली तक्रार-रोगाची फारकत येथे आड येते. गरोदर स्त्रीस फ्लुकोनाझोल पोटात देत नाहीत. आयुर्वेदात लोध्र, अशोकाची साल, तांदळाच्या धुवणाबरोबर पुष्यानुग चूर्ण हे योग रूढ आहेत.

ताप व ओटीपोटात दुखण्यासह स्राव असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गरोदरपणी एकदम पाणी गेल्यासही थांबू नये. पाळी गेल्यानंतर रक्तमिश्रित वा दुर्गंधी स्राव, किंवा संबंधानंतर रक्त, यांत गर्भाशयमुखाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. ‘वयाचं असेल’ म्हणून थांबण्यात महिने जातात. वयात न आलेल्या मुलीला स्राव होत असल्यास जंत, आत अडकलेली वस्तू आणि अत्याचार, तिन्हींचा विचार करावा लागतो. खाज, वास किंवा रंगात झालेला बदल आठवडाभर टिकला, तरी दाखवावे. दुकानातून मलम आणून लावल्याने निदान अवघड होते. जंतुनाशक पाण्याने आतून धुण्याने लॅक्टोबॅसिलस कमी होतात. तपासणीच्या आदल्या दिवशी तर ते टाळावेच, कारण जे काचपट्टीवर यायचे तेच धुऊन जाते.