पिस्तूल गाडीत असेल, तर राज्याची हद्द ओलांडण्यापूर्वी
पेनसिल्व्हेनियातील आमच्या मराठी परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या केंद्रात पिस्तूल हाताळण्याचे प्रशिक्षण घेऊन आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या काउंटीच्या शेरीफ कार्यालयातून शस्त्र बाळगण्याचा परवाना काढला आहे. सुट्ट्या जवळ आल्या की आम्हाला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा असतो : "न्यू जर्सीला भावाकडे गाडीने जायचे आहे, परवाना आहेच, मग पिस्तूल बरोबर घेतले तर चालेल ना?" याचे उत्तर 'नाही' असे आहे. ते नीट समजावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

वाहन चालवण्याचा परवाना एका राज्यात काढला की तो पन्नासही राज्यांत चालतो. त्यामुळे शस्त्र परवान्याचेही तसेच असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत देशभर चालणारा शस्त्र परवाना सामान्य नागरिकाला मिळतच नाही. दुसऱ्या राज्याचा परवाना मानायचा की नाही, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. २०२२ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, पण परवाना पद्धत ठेवण्याचा राज्यांचा अधिकार त्या निकालाने काढून घेतलेला नाही. म्हणून ईस्टनचा पूल ओलांडून आपण फिलिप्सबर्गला उतरलो, की आपल्या खिशातील पेनसिल्व्हेनियाच्या परवान्याला न्यू जर्सीत काहीही किंमत राहत नाही. न्यूयॉर्क आणि मेरीलँडमध्येही तो चालत नाही.

ही केवळ कागदोपत्री अडचण नाही. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा पाच ते दहा वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि त्यातील किमान साडेतीन वर्षे पॅरोलशिवाय भोगावी लागू शकतात. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी थांबवले. दोन लहान मुलांच्या त्या आईने आपल्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आणि पिस्तूल असल्याचे प्रामाणिकपणे, आपण होऊन सांगितले, आणि तिला अटक झाली. पुढे २०१५ मध्ये तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. आपल्यापैकी प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावे असे आम्हाला कळकळीने वाटते, कारण तिची चूक अगदी आपल्या हातूनही घडू शकेल अशी होती.

मग शस्त्र घेऊन दुसऱ्या राज्यातून जाताच येत नाही का? जाता येते. त्यासाठी १९८६ चा केंद्रीय कायदा आहे, पण त्याचे संरक्षण लोक समजतात त्यापेक्षा फार अरुंद आहे. प्रवास जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणे आपल्यासाठी कायदेशीर असले पाहिजे. ॲलनटाउनहून फॉलचे रंग पाहायला न्यू हॅम्पशरला जाणाऱ्या कुटुंबाला मधल्या राज्यांतून जाताना या कायद्याचा आधार मिळतो. ॲलनटाउनहून एडिसनला जाणाऱ्या कुटुंबाला मिळत नाही, कारण त्यांचा प्रवास न्यू जर्सीतच संपतो.

दुसरी अट शस्त्र कसे ठेवले आहे याची. पिस्तूल रिकामे असावे आणि ते व काडतुसे प्रवासी बसतात त्या भागातून हाताला येता कामा नयेत. सेदान गाडीत दोन्ही डिकीत ठेवता येतात. आपल्याकडे मात्र बहुतेक कुटुंबांकडे मिनीव्हॅन किंवा एसयूव्ही असते आणि तिची डिकी मागच्या सीटला लागून उघडीच असते. अशा गाडीत कुलूपबंद पेटी सक्तीची आहे. ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा कुलूप लावूनही चालत नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे.

पेटी भरण्याची आमच्या केंद्रातील पद्धत आपण वर्गात पाहिलेलीच आहे. आधी मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून अडकवावी, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपून रिकामे असल्याची खात्री करावी. त्यानंतर केबलचे कुलूप नळीतून ओवावे. पिस्तूल टणक पेटीत ठेवून तिला बाहेरून कुलूप घालावे. काडतुसे मॅगझिनमध्ये न ठेवता त्यांच्या मूळ खोक्यात, वेगळ्या कुलूपबंद डब्यात ठेवावीत. दोन्ही पेट्या सामानाच्या तळाशी असाव्यात आणि किल्ल्या चालकाच्या जुडग्यात. दहापेक्षा अधिक गोळ्यांची मॅगझिन घरीच ठेवावीत. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स येथे त्यांवर बंदी आहे, आणि केंद्रीय कायद्याच्या त्या कलमात मॅगझिनचा शब्दाने उल्लेख नसल्यामुळे त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. टोकाशी पोकळ असलेल्या गोळ्यांबाबतही न्यू जर्सीचे नियम कडक आहेत.

वाटेत मुक्काम करण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. २००५ मध्ये यूटाचे एक गृहस्थ विमानाने ॲलनटाउनलाच येत होते. नेवार्कला पुढचा प्रवास चुकला, म्हणून सामान ताब्यात घेऊन ते रात्री हॉटेलात राहिले आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यांना पिस्तुलासह अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्यांनी भरपाईसाठी केलेला दावा २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने फेटाळला : हॉटेलातील त्या रात्री पेटी त्यांच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हे न्यायालय पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांचे आहे. म्हणून आमचा आग्रह असा की, कडक कायद्याच्या राज्यात पेट्रोल आणि प्रसाधनगृह एवढ्यापुरतेच थांबावे, मुक्काम करू नये आणि नातेवाइकांकडे वाकडी वाट करून जाऊ नये.

आता आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली बाब. एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद सोडता, शस्त्र किंवा एक काडतूसही ताब्यात ठेवणे केंद्रीय कायद्याने मना आहे. आपण स्वतः नागरिक असाल, पण भारतातून आलेले आई-वडील किंवा व्हिसावरचा मेहुणा गाडीत असेल, तर पेटीची किल्ली त्यांच्याकडे देऊ नये आणि पिस्तूल गाडीत ठेवून गाडी त्यांच्या हवाली करू नये. ग्रीन कार्डधारकांना शस्त्र बाळगता येते. परंतु बेकायदा शस्त्र बाळगल्याचा दोष सिद्ध झाला तर तो देशातून हद्दपारीचे कारण ठरतो. वीस वर्षांचा संसार एका चुकीच्या वळणावर पणाला लागू नये, एवढ्यासाठी आम्ही हे इतक्या ठामपणे लिहीत आहोत.

पश्चिमेकडे वातावरण सैल आहे. ओहायोत १३ जून २०२२ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याची गरज नाही, आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली आहे. तरीही शाळेपासून हजार फुटांच्या आतील केंद्रीय मनाईतून सूट मिळते ती ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याच्या परवान्याला; पेनसिल्व्हेनियाचा परवाना ओहायोतील शाळेसमोर कामाचा नाही. कुलूपबंद पेटीतील रिकाम्या शस्त्राला मात्र तेथेही सूट आहे.

पोलिसांनी थांबवल्यास काय सांगायचे, हेही राज्यागणिक बदलते. मिशिगनमध्ये शस्त्र असल्याचे लगेच, आपण होऊन सांगावे लागते. ओहायोत विचारल्यावर खरे सांगणे बंधनकारक आहे. कुठेही असलो तरी आतला दिवा लावावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि गाडीची कागदपत्रे शस्त्राजवळ कधीही ठेवू नयेत.

नायगाराला जाणाऱ्यांनी पिस्तूल घरच्या तिजोरीतच ठेवावे. धबधब्याची अमेरिकी बाजू न्यूयॉर्क राज्यात येते, म्हणून केंद्रीय संरक्षणही तेथे लागू होत नाही. आणि पलीकडे कॅनडाच्या सीमेवर जाहीर न केलेले शस्त्र सापडले तर ते जप्त होते आणि फौजदारी गुन्हाही दाखल होऊ शकतो.

हे कायदे न्यायालयांत आणि विधिमंडळांत सतत बदलत असतात. म्हणून निघण्यापूर्वी मार्गातील प्रत्येक राज्याच्या पोलीस खात्याचे संकेतस्थळ पाहावे, आणि शंका राहिल्यास त्या राज्यातील वकिलाचा सल्ला घ्यावा. आम्ही प्रशिक्षक आहोत, वकील नाही. प्रवासाच्या किमान आठ दिवस आधी आपला मार्ग, मुक्कामाची ठिकाणे आणि गाडीचा प्रकार केंद्रात कळवल्यास पेटी कशी व कुठे ठेवायची हे आम्ही आपल्या गाडीपाशी येऊन, विनामूल्य दाखवू.