डीपीची गुणगुण कोणाच्या खात्यात?

डांडिया बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डीपी, म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्स्फॉर्मर आहे. दिवसा रिक्षांच्या गोंगाटात तिचा पत्ता लागत नाही, पण रात्री अकरानंतर तिची एकसुरी गुणगुण थेट आमच्या गॅलरीत येते. आजी तिला ‘जीईबीचा भुंगा’ म्हणायची. जीईबीच्या, म्हणजे गुजरातच्या वीज मंडळाच्या, वेगवेगळ्या कंपन्या होऊन वीस वर्षं झाली, पण बडोद्यात अजून कोणी दुसरं नाव घेत नाही.

हा भुंगा म्हणजे ट्रान्स्फॉर्मरच्या आतला पोलादी गाभा. तारांच्या वेटोळ्यांतून वीज उलटसुलट वाहते तसं गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला 50 वेळा पूर्ण फेरा घेतं. दर फेऱ्यात पोलादाची लांबी दोनदा बदलते. हा बदल दहा लाखांत काही भाग एवढाच असतो, पण 100 हर्ट्झचा सूर काढायला तेवढा पुरतो. चुंबकत्वाला असं सतत पालथं-उताणं करण्यात ऊर्जा जाते आणि तिची उष्णता होते. गल्लीतले सगळे दिवे बंद असले तरी हे चालूच राहतं. आमच्या धंद्यात याला ‘नो-लोड लॉस’ म्हणतात.

धंदा म्हणजे ट्रान्स्फॉर्मरचाच. मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीच्या, रस्त्याने गेलात तर दर चार शेडमागे एखाद्या शेडमध्ये वाइंडिंग, टाकी नाहीतर तेलाचं काम दिसेल. या मालाची चाचणी घेणारी ‘एर्डा’ ही संस्थाही 1974 पासून इथेच आहे.

अलीकडे मोठ्या कारखानदार कंपन्यांचे वार्षिक अहवाल जाडजूड झालेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यात पहिल्या हजारात येणाऱ्या कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात नऊ तत्त्वं आहेत. पहिलं सचोटी आणि पारदर्शकतेचं, सहावं पर्यावरणाचं. साहजिकच कंपनीत पहिलं तत्त्व कायदा विभाग लिहितो आणि सहावं पर्यावरण विभाग. दोघं बहुधा जेवणाच्या सुट्टीतच भेटत असावेत.

कार्बनचा हिशोब तीन खात्यांत मांडतात. पहिल्या खात्यात कारखान्याच्या स्वतःच्या धुराड्यातून जे जातं ते. भट्टीत 16 किलो मिथेन जळला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे शाळेतल्या रसायनशास्त्राचं गणित. स्विचगिअर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं, बनवणाऱ्यांच्या पहिल्या खात्यात एक छुपा पाहुणाही असतो, सल्फर हेक्झाफ्लोराइड. ठिणगी विझवण्यात हा वायू फार वाकबगार. रंग नाही, वास नाही, हवेच्या पाचपट जड. पण त्याचा एक किलो गळला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो सुमारे 23,500 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दुसऱ्या खात्यात विकत घेतलेली वीज येते. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. छतावर सोलर बसवलं की हे खातं उतरतं, आणि अहवालात फोटोही छान येतो.

तिसरं खातं बाकी सगळ्याचं: आणलेलं पोलाद, ट्रकचं डिझेल आणि विकलेला माल त्याच्या आयुष्यभरात जे काही करेल ते.

आता आमच्या भुंग्याचा हिशोब करू. समजा त्याचा नो-लोड लॉस 150 वॅट आहे. पंख्याच्या दुप्पट म्हणा, कोणी दखलही घेणार नाही. पण तो वर्षातले 8,760 तास चालू असतो, म्हणजे वर्षाला 1,314 युनिटं. 25 वर्षांत जवळजवळ 33,000 युनिटं, म्हणजे आजच्या ग्रिडवर 23 टन कार्बन डायऑक्साइड. पुढे सौर आणि पवन ऊर्जा वाढली की आकडा उतरेल, मान्य. तरी तुलना करून बघा. टनभर पोलाद बनवताना जगाच्या सरासरीने दोनेक टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि गल्लीतल्या डीपीत धातू टनभरसुद्धा नसतो. ट्रान्स्फॉर्मर बनवताना जेवढा धूर झाला त्याच्या कितीतरी पट तो खांबावर बसल्या बसल्या करतो.

आणि हा आकडा बऱ्याच अंशी कारखान्यातच ठरतो. गाभा म्हणजे पाव मिलिमीटर जाडीच्या, सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पत्त्यांची चळत. प्रत्येक पत्तीवर विद्युतरोधक लेप असतो, म्हणजे एका पत्तीतला भोवरा-प्रवाह (बदलत्या चुंबकत्वाने धातूतच गरगरणारी वीज) शेजारणीत शिरत नाही. पत्ती कापली की काठावरून अंगठ्याचं नख फिरवून बघायला मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. नख अडलं तर काठाला ‘बर’ आहे, कापणारं पातं बोथट झालंय. ती बारीक कोर शेजारच्या पत्तीचा लेप ओरबाडते, दोघी विजेने जोडल्या जातात आणि लॉस वाढतो. अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेल्या, धातूची फीत वापरली तर तो निम्म्याहूनही खाली येतो, पण फीत महाग आणि काचेसारखी ठिसूळ. उलट भंगारातल्या ट्रान्स्फॉर्मरची पत्ती काढून, पुन्हा कापून वापरली की माल स्वस्त पडतो. टाकीचं झाकण बसलं, वरून तेल भरलं, की आत कोणती पत्ती आहे ते बाहेरून कळत नाही. ते कळतं फक्त लॉसच्या चाचणीत, तीही प्रामाणिकपणे घेतली तर.

म्हणून मला पहिलं आणि सहावं तत्त्व वेगळी वाटतच नाहीत. भेटवस्तू घेऊ नका, लाच देऊ नका, ही आचारसंहिता ठीकच आहे, पण ट्रान्स्फॉर्मरवाल्याची सचोटी त्याच्या चाचणीच्या कागदावर 150 लिहिलंय आणि खांबावर 190 जातंय का, यात दिसते. वरचे 40 वॅट म्हणजे 25 वर्षांत आणखी सहा टन. ते ना धुराड्यात दिसतात, ना कारखान्याच्या वीजबिलात.

गंमत म्हणजे सेबीच्या नमुन्यात पहिली दोन खाती आवश्यक रकान्यात आहेत, तिसरं ऐच्छिक. त्यामुळे एखादी कंपनी ‘नेट झिरो’, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, म्हणाली की मी आधी तळटीप वाचतो. तीन खात्यांचं म्हणतेय की दोनच? तिसरं धरलं असेल तर ‘विकलेल्या उत्पादनांचा वापर’ ही ओळ भरलीय की तिथे नुसती आडवी रेघ आहे?

परवा शेजारचे काका म्हणाले, “अहो, हा भुंगा हल्ली जास्तच ओरडतो, तुम्ही त्यातले ना, बघा जरा.” मी रात्री खाली जाऊन कान दिला. आवाज गाभ्याचा नव्हता. झाकणाचा एक बोल्ट सैल होऊन थरथरत होता. सकाळी तक्रार नोंदवली.