योग वर्गाचं नाव बोर्डावर चढण्याआधी

(आमच्याकडे बोर्ड, बॅनर, टी-शर्ट आणि प्रमाणपत्रं करून घेणाऱ्या वर्गचालकांसाठी)

नमस्कार.

एप्रिल लागला की आमच्या काउंटरवर योग वर्गवाल्यांची ये-जा वाढते. कोणाला २१ जूनच्या योग दिनासाठी टी-शर्ट हवे असतात. कोणी मनीषनगर किंवा बेशाकडे नवा हॉल भाड्याने घेतलेला असतो, त्याला बाहेर बोर्ड लावायचा असतो. बागेत सकाळी जमणाऱ्या ग्रुपला निदान एक बॅनर तरी पाहिजे असतो. आणि जवळजवळ प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो: "नाव कोणतं चांगलं दिसेल?" आणि "बोर्ड परवा मिळेल का?" परवा मिळेल की नाही हे नाव आमच्यापर्यंत कसं पोचतं त्यावर ठरतं, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नाव व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी अक्षरांत पाठवू नका. कोऱ्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने, मोठं लिहा आणि त्या कागदाचा फोटो पाठवा.

इंग्रजी अक्षरांत ह्रस्व-दीर्घ कळत नाही, काना आहे की नाही तेही कळत नाही. एकाच स्पेलिंगमधून योगधारा वाचता येतं आणि योगधराही. बाल योग म्हणजे मुलांचा वर्ग, बल योग म्हणजे ताकदीचा. इंग्रजीत दोन्ही सारखेच. प्राण आणि प्रण यांचं तेच. एका ग्राहकाला हठयोग हवा होता, आमच्या मुलाने स्पेलिंग वाचून हाथ योग टाइप केलं. ती चूक प्रूफवर, म्हणजे छापण्याआधी दाखवायच्या नमुन्यावर, पकडली गेली म्हणून बरं. काहींना मराठीत हठ म्हटलं की हट्ट आठवतो आणि ते विचारतात, हे बदलता येईल का? बदलू नका. हठयोग हेच त्या पद्धतीचं नाव आहे, आणि जाणणारा माणूस बोर्डावर तेच शोधतो.

मोबाइलवर मराठीत टाइप करून पाठवलं तर चालेल का, असंही विचारतात. इंग्रजीपेक्षा कितीतरी बरं, पण पुरेसं नाही. कीबोर्ड हिंदीवर असला तर तो शांति, शक्ति, पतंजलि असं पुढे करतो. मराठी लेखनाच्या नियमांनुसार शेवटची वेलांटी दुसरी: शांती, शक्ती, पतंजली. आपल्या नागपुरात घराघरांत दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे ही गोष्ट इथे जरा जास्तच घडते. हिंदी बोर्ड हवा असेल तर हिंदीप्रमाणे करू, त्यात काही वावगं नाही. पण मराठी बोर्डावर हिंदी वेलांटी नकळत गेली की उद्घाटनाच्या दिवशी कोणीतरी निवृत्त मास्तर नक्की बोट ठेवतात, आणि ते बरोबर असतात.

दुसरं, आमची डिझाइनची फाइल श्रीलिपीसारख्या छपाईच्या जुन्या फॉण्टमध्ये असते, मोबाइलची मराठी त्याहून वेगळ्या पद्धतीची. तुमच्या मोबाइलचा मजकूर तिथे थेट चिकटवला की अक्षरांची खिचडी होते. म्हणून आमचा ऑपरेटर तुमचं नाव बघून पुन्हा टाइप करतो. तुमच्या हातच्या कागदावर वेलांटी कुठे, उकार कुठला हे त्याला डोळ्यांनी दिसतं. त्या कागदाचा हट्ट आम्ही धरतो तो याचसाठी. काहींना वाटतं की दुकानवाले उगाच चकरा मारायला लावतात. खरं तर तुमची एक चकर वाचावी म्हणूनच हे सगळं आहे.

त्याचं कारण सांगतो. मागे एका वर्गाच्या ताईंनी ऊर्जा योग वर्ग असा बोर्ड सांगितला होता. नाव इंग्रजीत आलं, आम्ही टाइप केलं, प्रूफ पाठवलं, रात्री अकराला ग्रुपमधल्या एकाचा ओके आला. सकाळी अक्षरं कापायला गेली. एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं पॅनेल) अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, आतून दिवे, असा चांगला बोर्ड होता. लावून झाला आणि खाली उभ्या असलेल्या एका काकूंनी वर बघून म्हटलं, "अहो, ऊर्जेचा ऊ दीर्घ असतो ना?" बोर्डावर उ होता. प्रूफवर ते आमच्याही नजरेतून सुटलं होतं, हे मान्य आहे. आम्ही नवा ऊ कापून दिला, पैसे घेतले नाहीत. पण अक्षर बसवायला शीटला भोकं पाडलेली असतात. नव्या ऊच्या टेकूची जागा वेगळी आली, जुनी दोन भोकं उघडी पडली. ती आम्ही रंगाच्या पट्टीने झाकली, तरी जवळ गेलं की दिसतात. त्या ताई आजही आमच्याकडेच येतात, पण ती पट्टी बघितली की मला वाईट वाटतं.

फ्लेक्स पुन्हा छापता येतो, खर्च थोडा असतो. कापलेलं अक्षर बदलायचं म्हणजे शीट, कटिंग, वायरिंग आणि शिडीवरचा माणूस, सगळं पुन्हा लागतं. त्यामुळे बोर्डाच्या प्रूफवर आम्ही एकाचा ओके घेत नाही. वर्गातल्या दोन माणसांची कागदावर सही घेतो, त्यातला एक जण तरी शुद्धलेखनाकडे लक्ष देणारा असावा. प्रत्येक वर्गात असा एक माणूस असतोच, आणि त्याला विचारलं की तो आनंदाने वेळ देतो.

मराठीच्या बाबतीत एवढी काळजी घ्यायला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार नामफलकावर देवनागरीतलं मराठी नाव आधी आलं पाहिजे आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. कामगार दहापेक्षा कमी असले तरी हा नियम लागू आहे. हॉल घेऊन, फी घेऊन वर्ग चालवत असाल तर हे धरूनच चला. म्हणजे इंग्रजी नाव मोठं आणि खाली बारीक मराठी ही जुनी मांडणी आता आम्ही सुचवत नाही. मराठी नावच मोठं होणार असेल, तर त्यातली चूकही तेवढीच मोठी दिसणार.

आता खुद्द नावाबद्दल. नाव तुमचं, ठरवायचं तुम्ही. पण इतके बोर्ड केल्यावर काही गोष्टी आमच्या नजरेत बसल्या आहेत.

योग की योगा, हा सगळ्यात जास्त वाद होणारा मुद्दा. मराठीत शब्द योग आहे. इंग्रजी वाचनातून योगा आलं. ग्राहकाला योगाच हवं असेल तर आम्ही तेच छापतो, पण आधी एकदा विचारतो. योग वर्ग म्हणून बघा, दोन अक्षरी शब्द शेजारी शेजारी आले की बोर्डावरही बरे दिसतात.

जोडून लिहायचं की तोडून, हेही आधी ठरवा. शांती योग असे दोन शब्द असतील तर ती ला दुसरी वेलांटी. शांतियोग असा एक शब्द केला की ति ला पहिली, जशी स्मृतिदिनात किंवा गतिरोधकात असते. स्फूर्तीचंही असंच, आणि त्यातला फू दीर्घ आहे. सूर्यनमस्कार एकत्र, सू दीर्घ. हे आम्ही तपासून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

प्रभात, महिला, अमुक बाग असे शब्द नावात घालताना दोन वर्षांपुढचा विचार करा. प्रभात नावाच्या वर्गाने संध्याकाळची बॅच सुरू केली की बोर्ड अडतो. महिला योग मंडळात नंतर कोणाचे तरी वडील येऊ लागतात. बागेचं नाव घेतलेला ग्रुप पावसाळ्यात एखाद्या समाजभवनात सरकतो आणि मग नवे लोक बागेत जाऊन शोधत बसतात. ठिकाण आणि वेळ खालच्या ओळीत द्या. ती ओळ आम्ही वेगळ्या पट्टीवर करतो, म्हणजे जागा बदलली तर पट्टी बदलायची, बोर्ड तसाच. अनेकांना हा प्रकार माहीत नसतो. विचारा, खर्चात फार फरक पडत नाही.

लोक बोलताना नाव कापतात, तेही बघून ठेवा. आपल्याकडे रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. रिक्षात बसून बहुतेक जण नुसतं योगाभ्यासी मंडळ म्हणतात आणि ते छान चालतं, कारण उरलेलं नावही पूर्ण अर्थाचं आहे. तुमचं पाच शब्दांचं नाव असेल तर लोक त्यातले कोणते दोन ठेवतील? तेच दोन टी-शर्टच्या छातीवर येणार. छातीवर साधारण दहा इंच रुंदी मिळते, त्यात आंतरराष्ट्रीय योग व निसर्गोपचार प्रशिक्षण केंद्र बसवलं तर चार फुटांवरून कोणाला वाचता येत नाही.

तुम्ही ज्या संस्थेत शिकलात तिचं नाव आपल्या नावात घालायचं असेल तर आधी तिथे विचारा. अय्यंगार योग शिकवायला त्या परंपरेचं प्रमाणपत्र लागतं. सहज योग हेही एका विशिष्ट पंथाचं नाव म्हणून ओळखलं जातं, साधा सोपा योग एवढाच अर्थ लोक घेत नाहीत. पतंजली हे योगसूत्रांशी जोडलेल्या मुनींचं नाव, पण आज त्याच नावाची कंपनी बाजारात आहे, आणि बोर्ड बघून लोक आत येऊन साबण मागतील. नाव मोठं करायचा विचार असेल तर ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. तिथल्या यादीत शिक्षण-प्रशिक्षणाचा गट (क्लास) क्रमांक ४१ आहे. ऑनलाइन अर्जाची फी एकट्या माणसासाठी ४५०० रुपये, आणि नोंदणी १० वर्षं टिकते. हे काम आम्ही करत नाही, पण बोर्डावर खर्च करण्याआधी अर्धा तास शोध घ्या, एवढं नक्की सांगू.

ज्यांना काहीच सुचत नाही त्यांच्यासाठी: योगाच्या शब्दांतच भरपूर नावं आहेत, आणि ती सारखी ऐकून झिजलेली नाहीत. योगसूत्रांत आसनाचं वर्णन स्थिर आणि सुख या दोन शब्दांत आहे. स्थिरसुख हे नाव एका ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गाने आमच्याकडून करून घेतलं आणि त्या वर्गाला ते शोभतं. यम, नियम, धारणा, स्वाध्याय, संतोष, अभ्यास हे सगळे तिथलेच. फक्त वर्गात जे शिकवता त्याच्याशी नाव जुळू द्या. तासभर प्राणायाम असेल तर नावात प्राण शोभतो. मधुमेहमुक्ती, वजनमुक्ती असं काही नावात लिहायला आलात तर आम्ही थांबवू. लोक त्या शब्दावर विश्वास ठेवून, कधी गोळ्या सोडून, वर्गाला येतात, आणि तसा बोर्ड आमच्या हातून जावा असं आम्हाला वाटत नाही.

आमची पद्धत थोडक्यात अशी. कागद आला की त्याच दिवशी पहिलं प्रूफ. दोन दुरुस्त्या मोफत, नाव पूर्ण बदललं तर डिझाइन नव्याने धरतो. सही झाल्यापासून फ्लेक्स दुसऱ्या दिवशी, अक्षरांचा बोर्ड पाच दिवसांत. बाहेर लावायचा फ्लेक्स असेल तर लाल आणि पिवळ्या अक्षरांऐवजी गडद निळी घ्या. नागपूरच्या मे महिन्यात लाल-पिवळं आधी उडतं. तुमचं नाव एकदा नक्की झालं की ती फाइल आमच्याकडे जपून ठेवतो, पुढे पावती पुस्तक, प्रमाणपत्र, चटईवरचं छापकाम, सगळीकडे तीच वेलांटी जाते.

योग दिनाचे टी-शर्ट हवे असतील तर ५ जूनपर्यंत सही करून द्या. त्यानंतर आलेली ऑर्डर घेतो, पण वेळेची हमी देत नाही. कागद आणायला विसरलात तरी हरकत नाही. काउंटरवर डाव्या हाताला कोरे कागद आणि जाड स्केचपेन ठेवले आहेत. तिथेच उभं राहून लिहा, सोबतच्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग आमच्या हातात द्या.